विधातेबाईंचे इंग्रजीचे कागद

इंग्रजी सुटलं म्हणून झुंबर विधाते यांनी देवीला नारळ फोडला होता. जुन्या अकरावीला त्या फक्त त्याच विषयात नापास झाल्या. ऑक्टोबरला पुन्हा बसल्या, काठावर निघाल्या, डी.एड. केलं आणि नाशिकच्या मळेवस्तीतल्या एका मराठी शाळेत पहिलीच्या बाई म्हणून लागल्या. पहिलीला इंग्रजी नव्हतं. ते पाचवीला यायचं, आणि पाचवी दुसऱ्या कुणाच्या तरी गळ्यात असायची. बाईंचा जवळजवळ सगळा जन्म अ-आ-इ-ईवर निघाला.

फार सुखात निघाला असं नाही. नव्वदच्या सुमाराला साक्षरता अभियान आलं, तेव्हा दिवसा पोरांना आणि संध्याकाळी त्यांच्या आयांना शिकवावं लागलं. पुढं मतदारयाद्या आल्या, जनगणना आली, पोलिओचे डोस आले. घरी शेवंतीचा आणि गुलाबाचा मळा होता. नवरा, यादव, पहाटेच फुलं घेऊन फुलबाजार गाठायचा, म्हणजे आदल्या संध्याकाळी फुलं निवडून ठेवायची. एकुलती एक मुलगी तेजस्विनी हुशार निघाली, ते एक बरं होतं. पण पन्नाशीला टेकलेल्या बाईंना रोज शाळेची घंटा झाली की वाटायचं, आता दहा वर्षं सरली की पाय पसरून झोपायचं.

आणि दोन हजार सालच्या जूनमध्ये फर्मान आलं. मराठी शाळांना पहिलीपासून इंग्रजी.

हेडमास्तरांनी ते वाचून दाखवलं तेव्हा बाईंनी विचारलं, "सर, हे शिकवणार कोण?"

"पहिलीच्या बाई," हेडमास्तर म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

आधी प्रशिक्षण झालं. शहरातल्या एका हॉलमध्ये तालुक्याभरातल्या शिक्षिका गोळा केल्या होत्या. एक तरुण मुलगी समोर उभी राहून सगळ्यांना गाणी म्हणायला लावत होती. मुलांना भाषा खेळातून यायला हवी, असं तिचं म्हणणं होतं. ते खोटं नव्हतं, पण संधिवाताच्या गुडघ्यांनी ते करून दाखवणं अवघड होतं. त्या संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा यादव ओट्यावर शेवंतीच्या ढिगापुढं बसला होता.

"काय शिकिवलं मग?" त्यानं विचारलं.

"बदकासारखं चालायला."

"आन् इंग्रजी?"

"बदक चालतं ते इंग्रजीतच चालतं म्हणे." बाईंनी पदर खोचला आणि त्याच्याशेजारी फुलं निवडायला बसल्या. थोड्या वेळानं त्यांच्याच्यानं राहवेना. "अहो, मला वाचता येतं, लिहिता येतं. पण तोंड उघडलं की घशात काहीतरी अडकतं. अकरावीच्या वर्गात मास्तरांनी उभं करून वाचायला लावलं होतं, आणि अख्खा वर्ग हसला होता. ते अजून कानात आहे. मी त्या लेकरांना काय शिकवू?"

यादव म्हणाला, "ती लेकरं कुठं हसणारेत? त्यांना तर तेवढंबी येत नाय."

बाईंना हे पटलं नाही, पण दुसरा इलाजही नव्हता.

पहिले काही महिने वर्गात नुसता घोष चालला. ए फॉर ॲपल, बी फॉर बॉल. पोरं घसा फाडून म्हणायची आणि भिंती दणाणायच्या. पण बाईंनी फळ्यावर मधलंच एखादं अक्षर लिहून विचारलं की चिडीचूप. मुलांना आख्खी माळ पाठ होती, पण एक मणी सुटा करून हातात दिला तर ओळखत नव्हती. त्यातच भागीबाईची प्रतिभा होती. भागीबाई त्यांच्या मळ्यामागच्या वस्तीतली. ती गोदावरीच्या गंगाघाटावर भाजी विकायची. तिची ही पोरगी मराठी धडाधडा वाचायची, पण इंग्रजीच्या पाटीवर छोट्या 'बी'चं पोट नेमकं उलट्या बाजूला काढायची आणि त्याचा 'डी' व्हायचा. बाई पाटी पुसून पुन्हा काढून द्यायच्या. पोरगी पुन्हा उलटं काढायची. पाटीचं हेच वाईट असतं. पुसली की चूक जाते आणि चुकीबरोबर दुरुस्तीही जाते.

बाईंच्या लक्षात आलं की मुलांच्या हातात कागद हवा. घरी नेता येईल, गिरवता येईल, आईला दाखवता येईल असा.

मग त्या रविवारी कार्बन पेपर घेऊन बसल्या. वरच्या कागदावर जोर देऊन चित्रं काढायची, खाली त्याच्या प्रती उमटायच्या. सगळ्यात खालच्या कागदावर जे उमटायचं त्याला चित्र म्हणणं धाडसाचं होतं. पाठ मोडायची, बोटं निळी व्हायची आणि तरी निम्म्या वर्गालाच कागद पुरायचे. शेवटी हेडमास्तरांनी कपाटातलं सायक्लोस्टाइलचं जुनं यंत्र काढून दिलं. परीक्षेच्या प्रश्नपत्रिका त्यावर काढत. स्टेन्सिल कोरायची, शाई लावायची, दांडा फिरवायचा. शाई साडीला लागली की ती साडी संपली. बाईंच्या दोन साड्या इंग्रजीच्या नावानं गेल्या.

चित्रं मात्र त्यांनी पुस्तकातली काढली नाहीत. सफरचंद घरात आलं म्हणजे कुणीतरी आजारी आहे, एवढाच त्या मुलांचा आणि सफरचंदाचा संबंध. बाईंनी वांगं काढलं, कांदा काढला, मिरची, पेरू, कुदळ, पाटी, गाय काढली. खाली इंग्रजी नाव, त्याच्या खाली गिरवायला ठिपक्यांची अक्षरं. चित्रकलेचा हात त्यांना नव्हता. पहिल्या दिवशीच मागच्या बाकावरून आवाज आला.

"बाई, ह्यो उंदीर हाय ना?"

"वांगं आहे ते."

"मग शेपूट कशाला?"

"तो देठ आहे."

सगळा वर्ग हसला. बाईंनाही हसू आलं, आणि हसता हसता त्यांच्या ध्यानात आलं की आज आपण अर्धा तास इंग्रजी शिकवलं आणि घशात काही अडकलं नाही. प्रतिभानं त्या दिवशी ब्रिंजलच्या 'बी'वरचे ठिपके जोडले. पोट बरोबर बाजूला आलं. दुसऱ्या दिवशी पाटीवर पुन्हा उलटं गेलं, तो भाग वेगळा. पण आता दाखवायला कागद होता.

वर्ष असंच गेलं. तेजस्विनी तोवर कॉम्प्युटरच्या कॉलेजात होती. आईची निळी बोटं बघून ती एका शनिवारी म्हणाली, "आई, हे सगळं इंटरनेटवर तयार मिळतं. नुसतं प्रिंट काढायचं. चल माझ्याबरोबर."

पंचवटी कारंजाजवळ एका जिन्याखाली कुंदन नावाच्या मुलानं सायबर कॅफे टाकला होता. मुलगा म्हणजे पंचविशीचा बाप्या, पण बाईंना सगळीच मुलं वाटायची. लाकडी खोके करून त्यात कॉम्प्युटर ठेवलेले, पुढं पडदे. बाई आत जायला बिचकल्या. तेजस्विनीनं शब्द टाइप केले आणि बराच वेळ कॉम्प्युटरचा पडदा पांढराच राहिला. मग वरून खाली, एकेक पट्टी करत, चित्र उतरायला लागलं. ठिपक्यांची अक्षरं, जोड्या लावा, रंग भरा, चुकीचं ओळखा. जगातल्या कुठल्या कुठल्या बायकांनी पोरांसाठी केलेले कागद, फुकट, कुणीही घ्यावेत. बाई पडद्याकडं बघत राहिल्या. त्यांना आनंद व्हायला हवा होता, पण आधी थकवाच आला. ज्यासाठी आपण अख्खं वर्ष पाठ मोडून घेतली, ते इथं ढिगानं पडलं होतं.

कुंदननं चांगला गठ्ठा काढून दिला. सोमवारी तो वर्गात वाटला आणि पहिल्याच कागदावर गाडं अडलं.

"बाई, हा कोण?"

"हा बर्फाचा माणूस."

"बर्फाचा? गोळेवाल्याकडचा?"

"नाही रे. तिकडं आभाळातून बर्फ पडतो. मुलं त्याचा माणूस करतात."

"आन् त्याच्या तोंडाला गाजर का लावलंय?"

बाईंनी गठ्ठा पुढं उलटला. पुढच्या कागदावर बर्फाचं घर होतं, त्याच्या पुढच्यावर बोटं नसलेले हातमोजे, मग भिंतीत पेटलेली चूल. मुलांनी बर्फाच्या माणसाला हिरवा रंग दिला, कारण पेटीतला पांढरा खडू कागदावर उमटत नव्हता. तास संपला तेव्हा बाईंना कळलं की आपण इंग्रजी शिकवलंच नाही, दूरदेशचं हवामान शिकवलं.

पण त्या कागदांची रीत चांगली होती. एका पानावर चारच शब्द. आधी बघा, मग जोडा, मग गिरवा, शेवटी न बघता लिहा. अवघडपणा हळूहळू वाढत जायचा. हे बाईंना जमलं नव्हतं. त्या एका पानावर बाजार मांडायच्या. मग त्यांनी रीत तिकडची घेतली आणि भाजी आपली ठेवली. फळांचा एक कागद केला, फुलांचा केला, मळ्यातल्या अवजारांचा केला. चित्रं हातानं काढून कुंदनकडं न्यायच्या, तो स्कॅनरवर घ्यायचा आणि शब्द सुबक टाइप करून द्यायचा. वीज गेली की दोघं जिन्यावर बसून वाट बघायचे.

अशाच एका वीज गेलेल्या दुपारी कुंदन म्हणाला, "मॅडम, हे मी इंटरनेटवर टाकू का? मी एक वेबसाइट करतोय. कुणालाही प्रिंट काढता येईल."

"माझं वांगं कोण बघणार रे?"

"बघतील की. टाकू?"

"टाक बाबा. आणि वीज आली का बघ."

त्या घरी आल्या आणि विसरल्या.

तोवर मळ्यांमध्ये एक नवी इमारत उभी राहिली होती. इंग्लिश मीडियम. दारात पिवळी बस, मुलांच्या गळ्यात टाय. ज्या बांधावरून बाईंच्या शाळेत पोरं चालत यायची, त्याच बांधाच्या टोकाशी बस थांबायला लागली. मे महिन्यात बाई घरोघर फिरून पहिलीची मुलं गोळा करायच्या. उन्हात डोक्यावर पदर घेऊन दार वाजवायचं आणि म्हणायचं, आमच्याकडंही पहिलीपासून इंग्रजी आहे. लोक पाणी द्यायचे, खाली बसवायचे, चहा द्यायचे. मुलं देत नव्हते.

एके दिवशी भागीबाई शाळेत आली. प्रतिभा तेव्हा दुसरी होऊन तिसरीत गेलेली होती. भागीबाई दाराशीच उभी राहिली.

"बाई, दाखला पायजे होता."

बाईंना कळलंच. तरी त्यांनी विचारलं, "कुणाचा?"

"प्रतिभाचा. बाई, तुमच्यावर राग नाय. पोरगी तुम्हाला लय मानती. पण वस्तीतल्या समद्यांच्या पोरी बसमधी जात्यात. ती एकटीच बांधावरून येती. परवा रडली. म्हणं, मला टाय पायजे."

"टायनं इंग्रजी येतं का, भागीबाई?"

"मला काय ठावं? मला वाचता येत नाय." भागीबाई सरळ मनानं बोलली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "घाटावर गिऱ्हाईक येतं, ते पोराशी इंग्रजीत बोलतं. पोर भाजीचं नाव इंग्रजीत घेतं. मला वाटतं माझ्या पोरीनंबी घ्यावं."

तुझी पोरगी घेते, तुझ्या टोपलीतल्या एकूण एक भाजीचं नाव घेते, असं बाईंना ओरडून सांगायचं होतं. पण समोरच्या बाईनं ठरवून टाकलं होतं, आणि बाईंच्या अंगात भांडायचा जोरही उरला नव्हता. त्यांनी हेडमास्तरांकडून दाखला करून दिला. नव्या शाळेनं प्रतिभाला तिसरीतून पुन्हा पहिलीत घातलं, हे त्यांना नंतर कळलं.

दिवाळी आली. तेजस्विनी सुटीवर घरी होती आणि मळ्यात झेंडूची तोडणी संपून गेली होती. दुपारच्या वेळी भागीबाई हातात कागद घेऊन ओट्याशी आली. शेजारी प्रतिभा होती.

"बाई, साळंतून सुट्टीचा अभ्यास दिलाय. हिला येतंय, पण हिच्या मिसनं सांगितलं की पालकांनी बघून सही करावी. मी काय बघू? तुम्ही बघून सांगता का, म्हंजे मी आंगठा लावीन."

बाईंनी चष्मा लावला. वर ठळक अक्षरात त्या शाळेचं नाव होतं, चिन्ह होतं. खाली फळांच्या जोड्या लावायच्या होत्या. आणि त्या फळांकडं बघून बाईंचे कान तापले. ते केळं त्यांचं होतं. ते एका बाजूला कललेलं डाळिंब त्यांचं होतं. पेरूवरचं पानसुद्धा त्यांनी ज्या पद्धतीनं खोडून पुन्हा काढलं होतं, तसंच खोडल्याच्या खुणेसकट आलं होतं.

"प्रतिभा, हा कागद कुणी केला गं?"

पोरगी हळूच म्हणाली, "बाई, तुम्ही."

"तू तुझ्या मिसला सांगितलंस?"

प्रतिभानं मान हलवली. "सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, मराठीत बोलायचं नाही."

भागीबाई गेल्यावर बाईंचा पारा चढला. इतक्या वर्षांत यादवनं त्यांना असं चिडलेलं पाहिलं नव्हतं. "मुलं नेली ती नेली! आता माझा पेरू, माझी केळी नेली, आणि वर स्वतःचं नाव छापलं! आणि आम्ही म्हणे मराठी शाळावाले, आम्हाला इंग्रजी येत नाही!" त्यांनी कागद तेजस्विनीपुढं आपटला. "बघ, बघ हे!"

तेजस्विनी बघत होती. तिनं एका शब्दावर बोट ठेवलं. मग अडखळत म्हणाली, "आई, रागावू नकोस. पेरूचं स्पेलिंग चुकलंय."

"कुणी चुकवलं? त्यांनी?"

"तुझ्या कागदावर काय होतं?"

बाई उठल्या, कपाटातून आपला मूळ कागद काढला. जी, ए, यू, व्ही, ए. त्यांनी शब्दकोश उघडला. त्यात यू आधी होता आणि ए नंतर. त्यांनी पान पुन्हा वाचलं, चष्मा पुसून वाचलं. शब्दकोश काही बदलला नाही.

राग जिथून आला तिथं निघून गेला आणि त्याच्या जागी अकरावीचा तो वर्ग येऊन बसला. बाई ओट्यावरच खाली बसल्या. "किती पोरांना शिकवलं मी हे? इंग्रजी आलं त्या वर्षीची पहिली, मग पुढची, त्याच्या पुढची. आणि त्या शाळेत ही पोरगी हेच गिरवणार, तिची मिस खूण करणार, आणि ही आई खाली आंगठा लावणार."

यादव म्हणाला, "अगं, एका अक्षराचं काय एवढं? पेरू त्यो पेरूच ऱ्हातो."

"तुम्ही गप्प बसा हो," बाई म्हणाल्या, पण त्यात धार नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या कुंदनकडं गेल्या. त्यानं कपाळाला हात लावला, कारण टाइप त्यानंच केलं होतं आणि त्यालाही शंका आली नव्हती. आपल्या वेबसाइटवरचा कागद त्यानं तिथल्या तिथं दुरुस्त केला. मग चाचरत सांगितलं, "मॅडम, इथलं झालं. पण हा कागद लोकांनी उतरवून घेतलाय. दुसऱ्या दोन-तीन वेबसाइटवर पण टाकलाय. मी त्यांना लिहीन. पण ज्यांनी प्रिंट काढून वाटलेत, त्यांचं काय करणार?"

"म्हणजे तो परत येत नाही?"

"नाही मॅडम."

बाई जिन्यावर बसून राहिल्या. पाटीवरचं पुसता येतं म्हणून आपण कागदाकडं गेलो, आणि हा कागद कुठल्या कुठं गेला की आता त्याला पुसायलाही हात पोचत नाही. मग त्या उठल्या. हात पोचतो तिथपर्यंत तरी पुसायचं ठरवलं.

सुटी संपल्यावर त्या आपल्या शाळेत वर्गावर्गात गेल्या. पहिलीपासून तिसरीपर्यंत सगळ्यांच्या फळ्यावर पेरूचं नाव लिहिलं आणि सांगितलं, "मी तुम्हाला हे चुकीचं शिकवलं होतं. आज बरोबर लिहून घ्या." मुलांना मजा वाटली. तिसरीतल्या एका पोरानं हात वर केला, "बाई, मग तेव्हा आम्हाला दिलेले मार्क परत घेणार का?" बाई म्हणाल्या, नाही घेणार. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

मग त्या पिवळ्या बसच्या शाळेत गेल्या. तिथल्या कार्यालयात एक सद्गृहस्थ होते. त्यांनी बसा म्हटलं, कागद हातात घेतला आणि वरवर बघून परत दिला.

"हे इंटरनेटवरचं स्टँडर्ड मटेरियल आहे, मॅडम. त्यात चूक कशी असेल?"

"आहे. कारण ते मी केलंय."

त्यांनी बाईंच्या सुती साडीकडं, हातातल्या कापडी पिशवीकडं पाहिलं. "तुम्ही कुठल्या शाळेच्या?"

बाईंनी सांगितलं. गृहस्थ हसले नाहीत, पण त्यांनी घड्याळ बघितलं. "बरं बरं. सांगतो मी टीचरना." आणि घंटी वाजवली.

बाई बाहेर पडल्या. फाटकापर्यंत गेल्या असतील, तोच मागून कुणीतरी धावत आलं. विशी-बाविशीची मुलगी, खांद्यावर पर्स, हातात वह्यांचा भारा, कपाळावर घाम.

"मॅडम, थांबा. मी मनीषा. पहिली माझ्याकडं आहे. त्या फळांच्या कागदाचं तुम्हीच सांगायला आलात ना? सर आत्ता म्हणाले." ती धापा टाकत होती. "मला माहीत नव्हतं हो ते कुणाचं आहे. नाव खाली नव्हतं. वर शाळेचं नाव टाकायला सरांनीच सांगितलं."

बाईंनी रात्रभर जुळवून ठेवलेलं एक वाक्य होतं. ते बोलायला त्यांनी तोंड उघडलं. पण समोरच्या मुलीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती आणि बोटं खडूनं भेगाळलेली होती. ते वाक्य तिच्यासाठी नव्हतंच.

"कुठली गं तू?"

"सटाण्याकडची. इथं मावशीकडं राहते. बारावी करून लागले. डी.एड.ला नंबर लागला नाही."

"वर्गात किती मुलं?"

"मोजत नाही मी आता," मनीषा म्हणाली, आणि कशीबशी हसली. "मॅडम, खरं सांगू? मलाच इंग्रजी नीट येत नाही. मराठी शाळेतच शिकले मी. मुलांशी मराठीत बोलले तर सर ओरडतात, इंग्रजीत बोलले तर मुलांना कळत नाही. तुमचे कागद मिळाले म्हणून तर वर्ग चालतो. वांगं, कांदा, गाय बघितली की मुलं आपोआप बोलतात." मग तिनं विचारलं, "आणखी आहेत का तुमच्याकडं?"

बाईंना काय वाटलं ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. चिडायला आलेल्या बाई फाटकाशी उभ्या राहून तिला दुरुस्तीच्या तीन गोष्टी सांगू लागल्या. पेरूचं स्पेलिंग. 'बी' आणि 'डी' एका दिवशी शिकवायचे नाहीत, मध्ये आठवडा जाऊ द्यायचा. आणि प्रतिभा नावाची पोरगी घाईत उलटं काढते, तिला हळू लिहायला सांगायचं, रागवायचं नाही.

"ती होय," मनीषा म्हणाली. "हुशार आहे. बोलत नाही फक्त."

"बोलेल. तिच्याशी एकदा मराठीत बोल. तुमच्या सरांना कळणार नाही."

त्यानंतर मनीषा रविवारी मळ्यावर यायला लागली. आधी कागद न्यायला यायची, पुढं दोघी मिळून करायला लागल्या. बाई चित्र काढायच्या, मनीषा शब्दकोश घेऊन बसायची. आता प्रत्येक शब्द दोनदा बघितल्याशिवाय पुढं जायचा नाही, हा नियम होता, आणि त्यामुळं काम फार सावकाश चालायचं. कागदाखाली नाव टाकायचं का, असं मनीषानं एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, "टाक. चूक सापडली तर लोकांना सांगायला यायला पत्ता तरी हवा." मग कुंदननं खाली बारीक अक्षरात दोघींची नावं टाकली.

एवढं सगळं होऊन बाईंच्या शाळेचं काही भलं झालं नाही. दर जूनला पहिलीचा वर्ग लहान होत गेला. एका वर्षी पहिली आणि दुसरी एका खोलीत बसवली, पुढच्या वर्षी तिसरीही. इंग्रजीची भीती बाईंच्या मनातून हळूहळू गेली, पण ती गेली तेव्हा ऐकायला फारशी मुलंच नव्हती. भागीबाईची प्रतिभा त्या शाळेतून पुढं सरकत गेली. ती पहिली आली नाही आणि नापासही झाली नाही. भागीबाई सांगायची, पोरगी घाटावर सुटीत बसते तेव्हा गिऱ्हाइकाशी बोलते, पण इंग्रजीत बोलते की कसं ते मला काय कळतंय, गिऱ्हाईक हसून घेतं एवढं खरं. कुंदनचा कॅफे बंद पडला. लोकांच्या घरात कॉम्प्युटर आले, मग जिन्याखाली त्यानं मोबाइलचं दुकान टाकलं. वेबसाइट मात्र तो चालवत राहिला.

दोन हजार नऊमध्ये बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात हेडमास्तर, म्हणजे आता दुसरेच, म्हणाले की बाईंनी चार शब्द इंग्रजीत बोलावेत. बाई उभ्या राहिल्या, माइककडं बघितलं आणि मराठीत म्हणाल्या, "मी दमलेय. सगळ्यांचं भलं होवो." आणि बसल्या. लोकांना ते फारच छोटं वाटलं. यादव मागच्या रांगेत होता, त्याला पुरेसं वाटलं.

पाय पसरून झोपायचं त्यांनी ठरवलं होतं, पण पहिल्या सोमवारी शाळेच्या वेळेला जाग आलीच. त्या उठल्या, चहा केला आणि मळ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसल्या. बांधावरून पोरं बसकडं पळत होती. एकदोघांनी हात हलवला. बाईंनीही हलवला.

रविवारी मनीषा आली. तिची परिस्थिती फारशी सुधारली नव्हती. शाळा तीच, वर्ग तोच, फक्त आता ती सगळ्यात जुनी टीचर झाली होती आणि नव्या मुलींना शिकवायचं कामही तिच्याच अंगावर पडलं होतं. तिनं पिशवीतून कागद काढले. पक्ष्यांचा एक कागद करायचा होता. बाईंनी चिमणी काढायला घेतली आणि निम्म्यात त्यांची मान छातीवर कलली. मनीषानं पाहिलं. हातातली पेन्सिल अलगद काढून घेतली, चिमणीचे पाय पुरे केले, शब्दकोशात नाव दोनदा बघितलं आणि लिहिलं.

यादव मळ्यातून आला. झोपलेल्या बाईंकडं आणि कागदांच्या पसाऱ्याकडं बघून हळूच म्हणाला, "हिला सांग की गं, आता तरी पुरं म्हणावं."

"मी काय सांगू काका," मनीषा म्हणाली. "मलाच कोणी सांगत नाही."

आणि तिनं दुसरा कागद पुढं ओढला.